सावळगणचं हिरवं पाणी

सकाळी सात वाजता सावळगणच्या संकलन केंद्रापुढं कॅनची रांग लागायची. लांबून बघणाऱ्याला वाटावं, डेअरीला दूध घालायला आलेत. तशीच रांग, 'मी आधी आलो होतो' म्हणून तसंच भांडण, आणि डिग्री कमी लागली की तशीच शिवीगाळ. फरक एवढाच, की कॅनमध्ये दूध नसायचं. हिरवट, बुळबुळीत पाणी असायचं आणि त्याला गंजक्या भांड्यात नासलेल्या ताकासारखा वास यायचा. गावाला त्या वासाचं आता काही वाटत नव्हतं. लोक त्याच हातांनी कॅन खाली ठेवायचे आणि त्याच हातांनी टपरीवरचा वडापाव खायचे. शर्वरी हसबेला ते बघवायचं नाही. पण बोलायची सोय नव्हती, कारण ते पाणी तिचीच करणी होती.

हे पाणी काय होतं, ते आधी सांगायला हवं. सावळगणला पूर्वी तांबं वितळवायचा कारखाना होता. पन्नास वर्षं चालला आणि बंद पडला. मागं राहिला किटाचा डोंगर. खाणीतला तांब्याचा दगड भट्टीत वितळवला की तांबं खाली बसतं आणि वर मळ तरंगतो. तो बाहेर ओतला की थिजून काळी, धारदार काच होते. तेच कीट. फुकट मिळायचं म्हणून गावानं ते कुठं वापरलं नाही? घरांच्या जोत्यात घातलं, अंगणात पसरलं, रस्त्यावर टाकलं, शाळेच्या मैदानात दाबलं. दोन पिढ्या त्यावर उठल्या, बसल्या, जेवल्या. कुणाला काही झालं नाही.

या किटात तांबं राहून गेलेलं असतं, कोबाल्ट असतो, थोडी चांदी असते आणि टनामागं चिमूटभर सोनं. सगळ्या जगाला हे ठाऊक होतं. अडचण होती ती काचेची. तिच्यावर आम्ल ओतलं की काचेतली वाळू विरघळून खिरीसारखी घट्ट व्हायची, मग ते ना गाळता यायचं, ना ओतता. शर्वरी काम करायची त्या 'धातुसंजीवन' कंपनीच्या प्रयोगशाळेनं असं रसायन काढलं की ते काच मऊ करायचं पण खीर होऊ द्यायचं नाही, आणि तांदळातले खडे निवडावेत तसे धातूचे अणू वेचून घ्यायचं. भट्टी नको, वीज नको. ड्रममध्ये कीट भरा, रसायन ओता, रोज दोनदा ढवळा, नवव्या दिवशी पाणी काढून घ्या.

एकच गोम होती. धातूंबरोबर सोमलही सुटायचा. आपली आजी उंदरांसाठी ठेवायची तो सोमल, शास्त्रात ज्याला आर्सेनिक म्हणतात. पन्नास वर्षं काचेत गपगार बसलेला तो आता पाण्यात उतरायचा. कंपनीच्या नव्या कारखान्यात मोठ्या टाक्यांमध्ये लोखंडाबरोबर तापवून त्याचा पुन्हा दगड करायचे आणि खोल पुरायचे. तिथवर सगळं ठीक होतं.

पण २०४४ साल उजाडेपर्यंत जगाला बॅटऱ्यांसाठी कोबाल्ट पुरेना. 'धातुसंजीवन' कंपनीनं चार वर्षांत किटाचा डोंगर फस्त केला आणि मग तिची नजर लोकांच्या अंगणांकडं गेली. घराघरांतलं कीट उकरून कारखान्यात नेण्यापेक्षा ड्रमच घराघरांत ठेवावेत आणि नुसतं पाणी विकत घ्यावं, हे डोकं सबनीससाहेबांचं. ते कंपनीचे इथले मुख्य. कागदाला मात्र शास्त्रज्ञाची सही लागत होती. ती शर्वरीनं दिली. तिनं अहवालात लिहिलं की, नियमाप्रमाणे पाणी जसंच्या तसं केंद्रावर घालणाऱ्या घरात कुणाच्याही अंगात सोमल जाणार नाही. कंपनीनं त्यावरून करारात कलम घातलं: कुणाच्या रक्तात सोमल सापडला तर त्या घरानं पाण्यात हात घातला, म्हणजे चोरी केली, असं धरलं जाईल. ड्रम जप्त आणि पोलीसकेस.

मग गाव जे सुटलं ते विचारू नका. ज्या जमिनीवर लहानपणी रांगले ती पहारींनी उखडली. सख्खे भाऊ ओटीखालचं कीट कुणाचं आणि न्हाणीखालचं कुणाचं म्हणून कोर्टात गेले. खालच्या आळीतल्या एकानं तर अंथरुणाला खिळलेल्या आईची खाट उचलून गोठ्यात नेली आणि तिच्या खोलीची जमीन कमरेइतकी खोदली. म्हातारी गोठ्यातच गेली. तेराव्याला लोक जेवायला आले तेव्हा बसायला सपाट जागा नव्हती, आणि जेवताना गप्पा कसल्या, तर खड्ड्यात अजून किती निघेल याच्या! शी!

त्यात सावळगण पडलं गलाईवाल्यांचं गाव. इथल्या दर दोन घरांमागं एक माणूस देशातल्या कुठल्यातरी सराफपेठेत दुकान टाकून बसलेला असायचा. सोनाराच्या दुकानातली झाडलोट, हात धुतलेलं पाणी, पायपुसणीसुद्धा विकत घ्यायची, जाळायची, तेजाबात घालायची आणि त्यातून सोनं-चांदी काढायची, हा पिढीजात धंदा. शर्वरीच्या वडलांनी, तात्यांनी, त्रिशूरला तेहतीस वर्षं हेच केलं. शर्वरी रसायनशास्त्र शिकली ती त्या दुकानातल्या बाटल्या बघूनच. आता अशा गावात घरोघर सोनं विरघळलेल्या पाण्याचे ड्रम ठेवायचे आणि वर म्हणायचं, कुणी हात लावू नका! कंपनीच्या पुण्याच्या साहेबांना हे कळलं नाही, ठीक आहे. शर्वरीला कळत नव्हतं असं कसं म्हणायचं?

तिला कळलंच होतं. एका सकाळी केंद्रावरचे आकडे चाळताना तिला दिसलं, की चाळीसेक घरांच्या पाण्यात तांबं, कोबाल्ट ठीक आहे, सोनं मात्र गायब. त्या चाळीस घरांत एक घर हसब्यांचं होतं. तिनं पडद्यावरचं पान मिटलं, चहा मागवला आणि कुणाला काही सांगितलं नाही.

त्यानंतर तीन आठवड्यांनी ती एका दुपारी जेवायला घरी आली आणि दारातच थबकली. अंगणात लसणाचा वास येत होता.

तात्या माळकरी. आषाढापासून कार्तिकापर्यंत घरात कांदा-लसूण शिजत नसे, कोपऱ्यात एक पाकळीसुद्धा सापडायची नाही. आणि इथं तर कुणीतरी ताजी फोडणी दिल्यासारखा वास होता. तो ड्रमच्या बाजूनं येत होता.

"वहिनी!" तिनं हाक मारली. ती न्हाणीकडं वळली.

मालन वहिनी न्हाणीच्या दाराशी भिंतीला टेकून बसली होती. थोरल्या भावाची, हणमंतदादाची बायको. जत भागातल्या कोंडगिरीहून या घरात आली त्याला वीस वर्षं झाली होती. लग्न मोडून शर्वरी माहेरी परत आली, तेव्हा सगळ्या घरात हिनंच तिच्यासाठी मुकाट्यानं खोली झाडून ठेवली होती. शर्वरीला ती जुन्या पद्धतीनं 'वन्सं' म्हणायची. थट्टेत सुरू झालं होतं, मग तेच राहिलं.

"वन्सं, पोटात लई कळ येतीया," मालन म्हणाली. "सकाळपासनं तीनदा उलटी झाली. आणि..." ती घुटमळली. "लघवी लाल होतीया. पाळीचं न्हाई. निस्तं रक्तच."

शर्वरीनं न्हाणीत वाकून बघितलं. फरशीवर काळपट लाल ओघळ होता. 

"ड्रमपाशी होतीस तू?"

"मामंजींचं दोन दिस डोकं दुखतंय. ह्यांना घेरी आली. मग म्हनले, तू ढवळ. सकाळी ढवळलं तासभर."

"त्यात काय टाकलं होतं?"

 उत्तर तात्यांनी दिलं. ते सोप्यातून बाहेर आले, गळ्यात माळ, कपाळाला बुक्का.

"जस्ताची पूड. दुसरं काय टाकणार? जस्त टाकलं की सोनं तळाला बसतंय. तुझ्या आजोबापासनं करतोय आम्ही."

"तात्या, त्रिशूरच्या पाण्यात सोमल नव्हता!" शर्वरी ओरडली. "यात आहे. आम्लात सोमल आणि वर जस्त, त्यातनं वायू सुटतो. आर्सिन म्हणतात त्याला. लसणासारखा वास येतो. हुंगला की तो रक्तात शिरतो आणि तांबड्या पेशी फोडत सुटतो. तिचं रक्त आतल्या आत फुटतंय, तात्या!"

 तात्या हळूच म्हणाले, "आम्हाला वाटलं, शेजारचे लोक लपूनछपून लसूण खात्यात."

हे ऐकून हसावं की रडावं! चाळीस घरांच्या अंगणात तोच वास होता आणि प्रत्येक घर शेजाऱ्याला पाखंडी म्हणत होतं.

गाडीत मालनला मागच्या सीटवर निजवलं. हणमंत पुढं बसला. तात्या आलेच नाहीत. "तुम्ही व्हा पुढं, मी आवरून येतो," म्हणाले.  गाडी निघाल्यावर हणमंत मागं न बघता म्हणाला,

"शरू, डॉक्टरला काय सांगायचं ते ठरवू. शिळी आमटी खाल्ली म्हणू."

"दादा, ती मरेल."

"मरायला काय झालंय? कावीळ हाय ती. आणि जस्ताचं नाव काढलंस तर मी आत, तात्या आत. तुझी नोकरी जाईल ती वेगळीच. सही कुणाची हाय त्या कागदावर? आणि गाव? गावाला काय तोंड दाखवायचं?"

मागं मालनला उमासा आला. तिनं पदरातच उलटी केली, आणि एवढ्या यातनेतही ती म्हणाली, "गाडी घाण झाली वं." हणमंतनं खिडकीची काच खाली केली आणि नाक बाहेर काढलं. बायकोकडं वळून बघितलं नाही. शर्वरीला आपल्या सख्ख्या भावाची जन्मात पहिल्यांदा किळस आली. एकाच ताटात जेवलेला हा माणूस, त्याची मान, त्या मानेवरचा घाम, सगळ्याची.

मिरजेच्या इस्पितळात डॉ. नाझनीन मुजावर यांनी मालनला तपासलं, बाटलीतली लघवी उजेडात धरून बघितली आणि विचारलं, "काय खाल्लं होतं?"

"शिळी आमटी," हणमंतनं लगेच सांगितलं. "काल रात्रीची."

डॉक्टरीणबाईंनी शर्वरीकडं बघितलं. खिशात शर्वरीचा फोन थरथरत होता. सबनीस होते. त्यांना बातमी कशी लागली कोण जाणे. तिला वाटलं, दोन मिनिटं थांबावं, आधी फोन घ्यावा, विचार करून बोलावं. मग तिच्या लक्षात आलं की आपण वहिनीचा जीव घेऊन विचार करतोय.

"आमटी नाही," ती म्हणाली. "आर्सिन. सकाळी तासभर हुंगलाय. आमच्या घरात ड्रममधनं चोरून सोनं काढत होते."

हणमंतनं तिच्याकडं अशा नजरेनं बघितलं, की ती रस्त्यावरची कुणीतरी परकी बाई असावी. पण डॉक्टरीणबाई उठल्याच होत्या.

"बरं झालं बोललात. कावीळ समजून सलाइन लावलं असतं तर रात्रीपर्यंत मूत्रपिंडं बंद पडली असती. आता हिचं फुटलेलं रक्त काढायचं आणि चांगलं भरायचं. जवळजवळ सगळं बदलावं लागेल. गट बी निगेटिव्ह. आमच्याकडं दोनच पिशव्या आहेत, सांगली-कोल्हापूर मिळून आणखी दोन मिळतील. निदान पाच माणसं तरी आणा. संध्याकाळच्या आत."

"आणते," शर्वरी म्हणाली. "गावात दोन वर्षांपूर्वी रक्तदान शिबिर झालंय. यादी आहे."

"एक मात्र आहे. सावळगणचा माणूस असला तर आधी त्याच्या रक्तातला सोमल तपासणार. विष काढायचं आणि विषच भरायचं, असं नको. पाच मिनिटांची तपासणी आहे. निकाल जिल्ह्याच्या आरोग्य नोंदीत आपोआप जातो, तो मला थांबवता येत नाही."

यादीत बी निगेटिव्हची अकरा नावं होती. शर्वरीनं बाकावर बसून एकेकाला फोन लावला. पहिल्यानं 'निघालोच' म्हटलं, आणि तपासणीचं ऐकल्यावर त्याला आठवलं की म्हैस व्यायला झालीय. दुसऱ्याला ताप होता. तिसरा लग्नाला गेला होता, चातुर्मासात! चौथीच्या नवऱ्यानं फोन घेतला आणि म्हणाला, "मॅडम, तुमच्या कलमात काय लिहिलंय वाचलंय आम्ही. रक्तात सापडलं तर चोर. तुम्हीच लिहायचं आणि तुम्हीच बोलवायचं व्हय?" पाचव्या माणसाला मालननं बाळपणी अंगाखांद्यावर खेळवलं होतं. तो रडायला लागला, "काकूसाठी जीव देईन," म्हणाला, आणि फोन बंद करून टाकला. पुढच्या चौघांनी फोनच उचलला नाही. मग सरपंचांना लावला, तर त्यांनी पुढच्या सोमवारी सभा घेऊ असं सांगितलं.

अकरापैकी दोन राहिले. एक हणमंत, एक शर्वरी. लग्नाच्या वेळी नवरा-बायकोचा रक्तगट दुर्मिळ आणि एकच निघाला म्हणून केवढं कौतुक झालं होतं घरात.

"दादा, चल. आधी तुझं."

हणमंत भिंतीवरच्या लसीकरणाच्या फलकाकडं बघत राहिला. "माझं कसं चालेल? मी पण हुंगलंय. निघणारच त्यात."

"निघालं तर निघालं. कदाचित कमी असेल. तपासून तर बघू!"

"आणि नोंदीत गेलं तर?"

"आपण सगळं सांगितलंय दादा, आता काय राहिलंय?"

"तू सांगितलंयस," हणमंत म्हणाला. "तुझ्या तोंडाचा काय पुरावा? रक्ताचा पुरावा झाला तर झालाच." आणि तो लघवीला जाऊन येतो म्हणून जो गेला, तो खालच्या चहाच्या गाड्यावर जाऊन उभा राहिला. शर्वरीला तो खिडकीतनं दिसत होता. बशीत ओतून, फुंकर मारून, चहा पीत होता.

शर्वरी उठली. तपासणीच्या खोलीत गेली आणि बाही वर केली. "माझं घ्या. जेवढं घेता येईल तेवढं घ्या. मी ड्रमला कधी हात लावलेला नाही."

परिचारिकेनं बोटातून थेंब घेतला, यंत्रात घातला. पाच मिनिटं लागली. शर्वरी मनातल्या मनात हिशेब करत होती, आपलं एक, बँकेतली चार, आणखी कुठून? मग परिचारिका आतून डॉक्टरीणबाईंना घेऊन आली.

"तुमचं घेता येणार नाही," डॉ. मुजावर म्हणाल्या. "मर्यादेच्या सहापट आहे."

"शक्य नाही. मी कारखान्यात बंद टाक्यांवर काम करते, मुखवटा घालून. घरी फक्त जेवते, झोपते."

"तेवढं पुरतं बहुतेक."

शर्वरी खुर्चीत बसली. तिला निथळलेल्या किटाची ती मऊ झालेली काळी माती आठवली, जी ड्रममधनं काढून लोक पुन्हा अंगणातच टाकायचे. ती वाळून उडायची. पिठावर बसायची, पाण्याच्या हंड्यात पडायची. मोरीतनं सांडलेलं पाणी ओढ्याला जायचं आणि ओढ्यातलं विहिरीला. तिनं अहवालात लिहिलं होतं, कुणाच्याही अंगात सोमल जाणार नाही. चोरी करणाऱ्या चाळीस घरांचा प्रश्नच नव्हता. नियमानं वागणाऱ्या घरांतल्या पोराबाळांच्या रक्तातही तो असणार होता. ते अकराच्या अकरा जण धावत आले असते, तरी त्यांच्या रक्ताचा काही उपयोग नव्हता. तिला वाटलं आपली कातडी सोलून काढावी आणि आत साबण लावावा.

"हिचं माहेर कुठलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

सावळगणात कोंडगिरीचं नाव निघालं की लोक नाक मुरडायचे. उघडाबोडका माळ, टँकरचं पाणी, तिथं कारखाना नाही की कीट नाही. मालनच्या भावाला, सिद्रामला, या घरात कधी दोन दिवसांच्या वर कुणी राहा म्हटलं नव्हतं. शर्वरीनं त्याला फोन केला. त्यानं 'का', 'कसं' काहीच विचारलं नाही. फक्त गट विचारला, दोनदा म्हणून घेतला आणि फोन ठेवला.

दिवस मावळायच्या आत तो मालवाहू रिक्षातून आला. बरोबर चार माणसं होती, त्यांतल्या दोन बायका. सिद्रामचा आणि मालनच्या धाकट्या बहिणीचा गट जुळत होता. बाकीचे तिघे नात्याचेसुद्धा नव्हते. कोंडगिरीच्या शाळेच्या नोंदवहीतनं गट बघून त्यानं त्यांना शेतातनं उठवून आणलं होतं. पाचांचं रक्त स्वच्छ निघालं. बँकेतल्या चारांसह नऊ पिशव्या झाल्या. यंत्राला मालनची शीर जोडली आणि तिचं काळपट रक्त एका नळीनं बाहेर यायला लागलं.

त्याच वेळी तात्या आले. अंघोळ केलेली, धुतलेलं धोतर. शर्वरीला त्यांनी जिन्याखाली नेलं आणि कनवटीची पुडी सोडली. आत ज्वारीच्या दाण्याएवढी सोन्याची गोळी होती.

"तोंडाला ओलं फडकं बांधून केलं," ते म्हणाले. "पोरीनं एवढं ढवळलं होतं, वाया कशाला घालवायचं? तिच्या भावाला देऊ. रक्ताचे उपकार नकोत आपल्यावर. आणि तो पोलिसांत जायचा नाही."

 सून रक्त मुतत असताना हा माणूस अंगणात सोनं वितळवायची मूस तापवत बसला होता, आणि मग अंघोळ करून, बुक्का लावून आला होता. शर्वरी काही बोलायच्या आत तात्या सिद्रामपुढं जाऊन उभेसुद्धा राहिले. सिद्रामच्या दंडाला अजून कापूस चिकटवलेला होता. त्यानं गोळीकडं बघितलं, तात्यांकडं बघितलं.

"आत ठिवा ती," तो म्हणाला. "मला ओकारी यील."

मालन वाचली. मूत्रपिंडं अर्धीच राहिली, आठवड्यातनं दोनदा यंत्रावर बसावं लागणार होतं, पण वाचली. सहाव्या दिवशी ती उशाला टेकून बसली. तिला कोंडगिरीला न्यायचं सिद्रामनं ठरवलं होतं आणि हणमंतनं हरकत घेतली नव्हती. गावात शर्वरीच्या दारावर कुणीतरी रात्रीत गाळ फासून गेलं होतं, कारण तिनं नवा अहवाल पाठवला आणि जिल्ह्यानं केंद्राला कुलूप घातलं. सबनीसांनी हसब्यांच्या 'वैयक्तिक गैरवापरा'वर खापर फोडून हात झटकले होते. ते सगळं तिनं सोसलं असतं. सोसत नव्हती ती एकच गोष्ट.

मालन तिचा हात हातात घेऊन म्हणाली, "वन्सं, त्या दिवशी तुम्ही बोलला नसता तर मी गेले होते. सगळे गप्प बसले, तुम्ही बोललात. जन्मभर इसरणार न्हाई."

शर्वरीला हे ऐकून घेता आलं असतं. तोंड मिटून ते उपकार पदरात घ्यायचे, एवढंच करायचं होतं. कुणालाही कधी कळलं नसतं.

"वहिनी," ती म्हणाली, "मला तीन आठवडे आधी कळलं होतं. आपल्या ड्रममधलं सोनं कमी येतंय, म्हणजे तात्या काढतायत, हे मला आकड्यांत दिसलं होतं. जस्त टाकत असतील, एवढा विचार करायला मला एक मिनिट लागलं असतं. तो मी केला नाही. कुणाला सांगितलं नाही."

मालननं हात काढून घेतला नाही. तो तसाच राहिला, फक्त त्यातली ऊब गेल्यासारखं वाटलं. तिनं विचारलं, "मी ढवळत असंन, हे पण दिसत होतं?"

"नाही. पण कुणीतरी ढवळणारच होतं."

"त्या घरात मला माणूस म्हनून इचारणारं एक तोंड होतं, वन्सं," मालन म्हणाली. "वीस वर्सांत एकच. ते पण गप्पच बसलं म्हना की." मग तिनं हात सोडवला, भावाला हाक मारली आणि सामान उचलायला सांगितलं. जाताना ती शर्वरीशी बोलली नाही.

त्याच दुपारी शर्वरी पोलीस ठाण्यात गेली. हवालदार उगाच नको ते विचारणारा नव्हता. वडलांचं, भावाचं, कंपनीचं, अहवालाचं, सगळं त्यानं शांतपणे टाइप करून घेतलं. तीन आठवड्यांचं आलं तेव्हा त्याची बोटं थांबली.

"हे तुम्ही नाही सांगितलं तरी चालतंय, मॅडम. कुणी विचारणार नाही."

"लिहा."

"बरं. मग कारण पण लिहावं लागतंय. काय कारण? वडलांची भीती? कंपनीचा दबाव? का आकड्याबद्दल खात्री नव्हती?"

त्यानं तीन चांगली कारणं पुढं केली होती. शर्वरीनं त्यांतलं एकेक मनात घालून बघितलं. तात्यांनी तिच्यावर कधी हात उगारला नव्हता. सबनीसांना ती घाबरत नव्हती. आणि आकडे तर तिनं दोनदा तपासले होते. पान मिटून चहा मागवताना आपल्याला काय वाटलं होतं ते तिला चांगलं आठवत होतं. बरं वाटलं होतं.

"आपल्या घरातलं सोनं घरातच राहतंय म्हणून," ती म्हणाली.

हवालदारानं एकदा वर बघितलं, आणि ती म्हणाली तसंच लिहून घेतलं.